बंडलची गोळी

मास्तरांना साठी आली तरी एक खोड गेली नव्हती. समोर माणूस आला की ते आधी त्याचे कपडे बघायचे. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला माणूस तो, चेहरे विसरायचा पण कॉलरी लक्षात ठेवायचा. म्हणूनच जनावरांचे डॉक्टर पाच मिनिटं घसाफोड करून गोळ्यांबद्दल सांगत होते, तेव्हा मास्तर नुसते "हो, हो" करत त्यांच्या डगल्याची डावी बाही नजरेनं उसवत होते. अर्धा इंच लांब! कुठल्या गाढवानं शिवली कोण जाणे.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"रोज सकाळी एक, खाण्यानंतर." एवढं पाकिटावरच लिहिलेलं होतं.

गोळ्या बंडलसाठी होत्या. बंडल म्हणजे मास्तरांचा कुत्रा, नऊ वर्षं दुकानात चिंध्यांच्या ढिगावर झोपणारा. त्याची खाज दोन दिवसांत पळाली आणि तिसऱ्या दिवशी त्याला भस्म्याच झाला. बादलीभर पाणी प्यायला. दारापर्यंत जायला दम निघेना, म्हणून एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडावरच मुतला. मग मास्तरांचा खडू खाल्ला, वर खिशाचं अस्तरही.

विझताना दिवा मोठा होतो म्हणतात ना! बंडल चालला, अशी मास्तरांची खात्रीच पटली. मग काय, शेवटचं म्हणून तो मागेल ते द्यायचं. रोज चार उकडलेली अंडी सुरू झाली.

"अहो, मरायला टेकलेला कुत्रा माझ्या हातातला पाव हिसकावतो होय?" बायको म्हणाली.

"तुला काळीजच नाही!" मास्तर ओरडले.

दुपारी दुकान बंद करून त्यांनी डोळे पुसत पुसत बंडलच्या मापाचं कफन शिवलं. बारीक टाका, दुहेरी शिवण, एकदम फर्स्ट क्लास काम. घडी घालून खुर्चीवर ठेवलं आणि हात धुवून येतात तो काय, कफनाचा एक कोपरा बंडलच्या पोटात!

कुत्र्याला कडेवर घेऊन मास्तर पळत सुटले, मागून बायको. डॉक्टरांनी बंडलचं पोट चाचपलं, तोंड उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, मी कंठशोष करून सांगितलं होतं! या गोळीनं भूक वाढते, तहान वाढते, लघवी वाढते. चिंधी बाहेर पडेल, उलटी झाली तर लगेच आणा. गोळी हळूहळू कमी करू, पण मनानं बंद करायची नाही."

"म्हणजे... मरत नाही?"

"अंडी थांबवलीत तर नाही."

मास्तर तिथंच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. बंडल धावत आला आणि त्यांचे गाल सपासप चाटायला लागला.

"बघ, बघ कसा जीव लावतो," मास्तर हुंदके देत म्हणाले.

"तहान लागलीय हो त्याला," बायको म्हणाली आणि स्वतःचे डोळे पदरानं पुसून वाटीत पाणी ओतायला उठली.