पोरांना अंडी, पोरींना लिंबूपाणी

धाटावच्या कंपनीत पॅकिंगला होते तेव्हा पहिली शिफ्ट सुटली की मी रोह्याच्या मैदानावर धावायला जायचे. तिशी उलटलेली, म्हणून बाकीच्या पोरी मला ताई म्हणत. आमचे सर पेणच्या अर्धमॅरेथॉनची तयारी करून घेत होते. फुकट शिकवत, त्यामुळे त्यांना उलटून बोलायची कुणाची टाप नव्हती.

दर रविवारी सर वजनकाटा आणायचे. त्यावर फक्त पोरींना उभं करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. "भात खाल्लास ना? कळतं मला." भाताच्या मुलखातल्या आम्ही, भात चोरून खायला लागलो. पुढे तोही सोडला. लांबचं धावून आल्यावर पोरांना उकडलेली अंडी, केळी. आम्हाला लिंबूपाणी, तेही बिनसाखरेचं. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

सुरुवातीला वेग वाढला, हे खरं. मग पाय जड झाले. भर उन्हात हात गार पडायचे, कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, कामावर उभ्या उभ्या पेंग यायची. पाळी थांबली. धीर करून सरांना सांगितलं, तर हसले.

"बरंच झालं की! खऱ्या धावपटू बायकांचं असंच होतं. कटकट गेली."

मी धावत राहिले. एका रविवारी सकाळी निडीच्या रस्त्यावर नडगीत अशी कळ आली की पाऊल टेकवेना. रिक्षाने घरी आले. आईने पाय बघितला, "काय करून घेतलंस गो हे?" म्हणाली आणि मला पेणला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी एक्स-रे बघितला. हाडाला बारीक चीर होती. मग विचारलं, "पाळी नियमित येते?"

"दुखतंय पायात. त्यात पाळीचं काय?"

"धावताना हाडं झिजतात, ती खाण्यातून भरून निघतात. तुम्ही जेवढं खाता ते सगळं धावण्यातच जळतं. बाकीच्या शरीराला उरतच नाही, मग ते एकेक काम बंद करतं. आधी पाळी, पाठोपाठ हाडांची डागडुजी. पाळी थांबली तेव्हा कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. आमच्या सरांना."

हे ऐकून आई बोलली. काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

पायाला पट्टी बांधून, काठी टेकत मी मैदानावर गेले. सगळ्या पोरींसमोर, पोरांसमोर, डॉक्टरीणबाईंकडून ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. पाळी हा शब्द ऐकून पोरं जमिनीकडे बघायला लागली. सर लालबुंद.

"मी कुणाला उपाशी ठेवलेलं नाय. हाय कोण असं म्हणणारं?"

एकही पोरगी बोलली नाही. घरी जाताना मात्र दोघी माझ्या मागे आल्या. "ताई, आमचीही बंद हाय," म्हणाल्या, आणि माझ्या अंगाची आग झाली.

आता आम्ही तिघी पोटभर जेवून धावतो. माझी पाळी परत आली, हाड जुळलं. त्या वर्षीची पेणची शर्यत हुकली. पुढच्या वर्षी मी ती पुरी केली, नंबरात कुठेच नव्हते. बक्षीसवाटप सरांच्या हस्ते होतं. ते मंचावर हार घालून बसले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मी वाजवल्या नाहीत.