फितूर बांध

माझ्या चुलत्यांना, तात्यांना, पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, एवढंच ठाऊक. त्यांच्या चुलतभावाने शेताचा बांध कोरला म्हणून ते श्रीगोंद्याच्या कोर्टात इतकी वर्षं खेपा घालत होते, की तिथला चहावाला त्यांना न विचारताच बिनसाखरेचा देई. सर्जन 'कॅन्सरच्या पेशी' म्हणाले, तेव्हा तात्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आपला वकील कोण?"

मी पुण्यात प्रयोगशाळेत पोटाच्या कॅन्सरवरच काम करते, म्हणून समजावणं माझ्या गळ्यात पडलं. ऑपरेशनला तात्या तयार होते. पण अट एकच, सडलंय तेवढंच काढायचं, चांगल्या पोटाला हात लावायचा नाही. गुंठाभर रान न सोडणारा माणूस पोट कसं सोडणार! तसं केलं तर आजार परतणार हे मला दिसत होतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच भीती वाटली.

"तात्या, पोटाच्या अस्तराखाली धागे विणणाऱ्या पेशी असतात. सगळं बांधून धरणं त्यांचं काम. बांधच समजा."

"बरं."

"कॅन्सर त्यांना फूस लावतो. मग त्या त्याच्यासाठीच विणतात, त्याला खाऊपिऊ घालतात, पुढं सरकायला वाट देतात."

तात्या उठून बसले. "म्हंजी बांधच फितूर? आन् वरून चांगला दिसतो?"

"दिसतो."

"मोजणीवाल्याला चहा पाजला आसंल."

काकूंनी कपाळावर हात मारला. "बांधाचं काढलंस व्हय पोरी? आता हे झोपत न्हाईत."

तात्यांनी सर्जनना बोलावून घेतलं. "सायेब, बांधासकट काढा. पलीकडचं दोन फूट जादा घ्या." दोन फूट पोट कुणालाच नसतं, हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला.

ऑपरेशन नीट झालं. तपासणीत काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडला नाही. आता तात्या दिवसभर थोडं थोडं जेवतात आणि प्रत्येक घासाला कुरकुरतात. परवा दही-भात कालवता कालवता त्यांनी विचारलं, "त्या फितूर पेशींना मारायचं औषध शोधतीस का तू?"

"मारायचं नाही तात्या. त्यांना परत आपल्या बाजूला आणता येईल का, ते बघतोय."

"येत्याल?"

परिषदांमध्ये या प्रश्नाला माझ्याकडे झकास उत्तर असतं. तात्यांपुढे मात्र मी "माहीत न्हाई," म्हटलं.

ते भात चिवडत, खाली बघूनच म्हणाले, "बघ बाई. आपल्याच हायेत त्या."

आणि काकूंना म्हणाले, "माझा फोन आन. बांधावरच्या भावाला लावायचाय."