रेशीम अडकवणारे हात

सासूबाईंच्या बोटांना रेशीम अडकायला लागलं आणि सुनेच्या जिवाला घोर लागला.

सासूबाई रफूवाल्या होत्या. कसरीने खाल्लेली शाल त्यांच्या हातून परत आली की भोक नेमकं कुठे होतं, ते शालीच्या मालकालाही दाखवता येत नसे. सून त्याच दुकानात शिवणयंत्रावर बसायची. घरातही सासू, दुकानातही सासू. लग्नाच्या वेळी याची कल्पना कुणीच दिली नव्हती, असं ती नवऱ्याला अधूनमधून ऐकवायची. नवरा म्हणायचा, तुम्हा दोघींच्या मध्ये मला ओढू नका.

हातांचं मूळ दुखणं होतं स्वच्छता. रेशमाला लावायचा हात कोरडा ठणठणीत हवा, हे सासूबाईंचं ब्रह्मवाक्य. दोरा बदलला की त्या उठायच्या आणि कढत पाण्याने, कपडे धुवायच्या वडीने हात धुवायच्या. कातडी सुकली, मग चिरली. चिरांच्या कडांना दोरा अडकायला लागला, तेव्हा त्यांनी कडा वज्रीने घासून काढल्या. चिरा खोल गेल्या. खोल गेल्या म्हणून त्यांनी आणखी घासल्या.

अशात एक जुनी रेशमी शाल दुकानात आली. तिच्या मधोमध तळहाताएवढं भोक होतं. सासूबाईंनी ती हातात घेतली मात्र, बोटाला अडकून एक तार सर्रकन ओढली गेली. दुकानाच्या मालकीणबाईंनी पाहिलं. त्यांनी शाल घडी घालून कपाटात ठेवली आणि शांतपणे सांगितलं की महिनाभर वाट बघते. हात सुधारले नाहीत तर शाल दुसरीकडे जाईल आणि सासूबाईंनी जाड कापडं बघावीत. जाड कापडं म्हणजे पँटींचे गुडघे. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुनेने त्यांना जवळजवळ ओढतच त्वचेच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने सांगितलं की कातडीच्या वरच्या थरात स्निग्धपणा असतो, तोच आतला ओलावा धरून ठेवतो आणि बाहेरचा त्रास बाहेर थोपवतो. साबणाने तुम्ही तो रोज धुऊन टाकता. वडी बंद, वज्री बंद, कढत पाणी बंद. हात कोमट पाण्याने धुवायचे, ओलसर असतानाच मलम चोपडायचं, झोपताना वर सुती हातमोजे घालायचे. सासूबाईंनी मान डोलावली. सुनेला तिथेच संशय यायला हवा होता.

रोज रात्री मलम, रोज रात्री मोजे. सून स्वतः उभी राहून बघायची. तरी चिरा तशाच. दोन आठवडे उलटल्यावर तिने डॉक्टरणीला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या.

मग एकदा ती नेहमीपेक्षा लवकर उठली. मोरीत सासूबाई बसलेल्या. हातात वडी, शेजारी वज्री, बादलीतून वाफा निघताहेत.

"आई, हे काय चाललंय?"

"मलम काढतेय. रेशमाला डाग पडेल."

"मग रात्री लावता कशाला?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना. मी काय कुणाचं ऐकत नाही?"

सुनेने कपाळाला हात लावला. रात्री रफू करायचं आणि सकाळी उसवायचं, असा हा कारभार चालला होता. आणि वर आज्ञाधारकपणाचं श्रेय!

ती भांडली. सासूबाई तसूभर हलल्या नाहीत. तरुणपणी शेजारी बसणाऱ्या बाईने तेलकट हाताने एक रेशमी पदर बिघडवला होता आणि संध्याकाळच्या आत तिचं काम गेलं होतं, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना मोरीत जाऊ न देता सुनेने पांढऱ्या रेशमाची चिंधी पुढे केली. मोजे काढायला लावले. अंगठा चिंधीवर चेपून धरायला लावला. रात्रीचं मलम केव्हाच मुरलं होतं, चिंधी कोरी राहिली. सासूबाईंनी ती खिडकीत नेऊन बघितली, हुंगली, उलटी करून परत बघितली.

"हे हलकं रेशीम आहे. त्या शालीचं वेगळं."

सुनेचा संयम संपला. "ठीक आहे. डाग पडला तर मी मालकीणबाईंना सांगेन, शालीला हात मी लावला होता. माझं काम गेलं तर जाऊ दे."

सासूबाईंनी वडी उचलून कपड्यांच्या बादलीजवळ ठेवली. "खोटं कशाला बोलायचं," एवढंच पुटपुटल्या.

त्यानंतर सासूबाईंच्या हाताला साबण नको म्हणून घासायची भांडी नवऱ्याकडे गेली आणि धुणं सुनेकडे. तो कुरकुरला, पण दोघी एका बाजूला आहेत हे बघून घासायला बसला. चिरा हळूहळू बुजल्या, कातडी मऊ पडली. महिना संपता संपता शाल कपाटातून निघाली. पहिला दोरा सासूबाईंच्या बोटांवरून अलगद सरकला, दुसराही. सून यंत्र थांबवून बघत होती. तार कुठेच अडकली नाही, डागही पडला नाही. मालकीणबाईंनी विचारलं, काय जादू केलीत?

"सुई बदलली," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने यंत्राचं पायडल इतक्या जोरात दाबलं की शिवण वाकडी गेली. ती उसवायला बसली, तर सासूबाई चष्म्यावरून तिचे हात न्याहाळत होत्या.

"किती खरखरीत झालेत ते. साबण जरा कमी वापरावा, बाई. कुणी सांगितलेलं ऐकायची सवयच नाही तुला."