बासष्टावा तुकडा

कल्याण पश्चिमेच्या त्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत विमलाबाई भिंगारदिवेंवाचून पान हलत नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त कोणाला ठाऊक असेल तर ती विमलाबाईंनाच. पाळक बदलले, पंखे बदलले, पेटी जाऊन कीबोर्ड आला, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची बेखमीर भाकर भाजणार त्याच. मैदा, पाणी, चिमूटभर मीठ. तव्यावर फुगू द्यायची नाही, डाग पडू द्यायचा नाही. शनिवारी सेक्रेटरींकडून येणाऱ्यांची नावं घ्यायची आणि माणसांइतकेच तुकडे कापायचे. आशीर्वाद झालेली भाकर उरली तर तिचं करायचं काय? कचऱ्यात टाकणार? कावळ्याला घालणार? त्यापेक्षा उरूच द्यायची नाही, हा विमलाबाईंचा कायदा, आणि तो मोडायची पाळकाचीही बिशाद नव्हती.

स्वभावच तसा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत तीस वर्षं त्यांनी बाटल्या तपासल्या. उजेडासमोर बाटली धरायची, आत कणभर काही दिसलं की बाजूला. आता वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण नजर तीच. कोपरच्या घरी सुनेने घासलेला ग्लाससुद्धा त्या खिडकीकडे धरून बघतात. सून संचिता मूळची लांज्याची. विनीतशी लग्न झाल्यावर तीन वर्षं स्वतःच्या मनाने विचार करून तिने बाप्तिस्मा घेतला. ग्लास खिडकीकडे गेला की ती हसून विचारते, "आई, पास की फेल?" विमलाबाई म्हणतात, "बघू."

आता खरी गोष्ट ऐका. भाकर करणारी ही बाई ती भाकर खात नव्हती. एक-दोन महिने नाही, तब्बल एकोणीस वर्षं.

कोणाच्या लक्षात कसं आलं नाही म्हणाल, तर त्याला अक्कल लागते आणि ती विमलाबाईंकडे भरपूर. लोक एकेक करून पुढे येत, तुकडा उचलत, द्राक्षरसात बुडवून खात. त्या वेळी विमलाबाई बाजूच्या खोलीत भांडी विसळत असत. बाहेरच्यांना वाटे, कामसू बाई, आतच घेत असेल. लोक चोरून खातात, ही बाई चोरून उपाशी राहायची.

कारण होती हौसाबाई, त्यांची सख्खी मोठी बहीण. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघींची जुंपली. शब्दाने शब्द वाढला आणि विमलाबाई बोलून गेल्या, "माझ्या दारात पाय ठेवू नकोस." तरी महिन्याभराने अक्का नेवाशाहून आली. गॅलरीत उभी राहून म्हणाली, "विमल, दार उघड गं. भांडायला नाही आले मी." विमलाबाई दाराच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या, हातात डाव. कडीला हात लागला नाही. पाच मिनिटांनी बाहेर चपला वाजल्या आणि लांब गेल्या. दार उघडलं तर उंबऱ्याशी पिशवीभर सीताफळं. दीड महिन्याने अक्का गेल्याचा निरोप आला.

त्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला तेव्हाच्या पाळकांनी शास्त्रातला तो भाग काढला, की अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याशी बिनसलंय हे आठवलं, तर आधी जाऊन समेट कर आणि मग ये. विमलाबाई खुर्चीतच गार पडल्या. समेट करायचा कोणाशी? अक्का तर मातीत. म्हणजे आपल्याला प्रभुभोजनाचा मेज कायमचा बंद. त्यांनी स्वतःला उजेडासमोर धरलं आणि बाजूला ठेवून दिलं. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही.

पण आशा काही मरत नाही. गेल्या सप्टेंबरात एका लग्नात त्यांना कळलं की अक्काची मुलगी निशिगंधा ठाण्यात राहायला आलीये, टेंभी नाक्याजवळ. झालं, विमलाबाईंच्या जिवाला चैन पडेना. शेवटच्या दिवसांत मुलगीच आईजवळ होती. अक्काचा राग जाता जाता निवळलाही असेल. "आईने तुला माफ केलं होतं मावशी," एवढं एकच वाक्य हवं होतं. ते मिळालं की येत्या रविवारी सगळ्यांच्या रांगेत उभं राहायचं. शुक्रवारी ठेवणीतली निळी साडी नेसून, खारीचा पुडा घेऊन त्या निघाल्या. नाक्यावर नवरात्राच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते, रिक्षा अडकली, तर राहिलेला रस्ता त्या गुडघ्यांना न जुमानता चालत गेल्या.

निशिगंधाने चहा केला. चाळिशीची बाई, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, बोलणं कमी. विमलाबाईंनी कप हातात घेतला आणि विचारूनच टाकलं, "अक्काने मला माफ केलं होतं का गं?"

निशिगंधाने आपला कप खाली ठेवला. "खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"नाही मावशी. दवाखान्यात मी एकदा तुझं नाव काढलं तर तोंड भिंतीकडे फिरवलं तिने. म्हणाली, पाच मिनिटं उभी होते मी दारात." मग तिने हळूच जोडलं, "माझाही राग आहे तुझ्यावर. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

चहा तसाच राहिला. विमलाबाई घरी आल्या त्या पार खचून. शनिवारी दुपारी संचिताला म्हणाल्या, "उद्याची भाकर तू कर. माझ्याने होणार नाही." हात दुखतोय म्हणाल्या, पण दुखत होतं ते भलतंच. इतकी वर्षं निदान भाकर करत होत्या. आता त्या पिठाला हात लावायचीही आपली लायकी नाही असं त्यांच्या मनाने घेतलं. "बारीक आचेवर भाज," त्यांनी सांगितलं, "आणि मोजून एकसष्ट तुकडे कर. एकही जास्त नको."

आता गंमत बघा. सेक्रेटरींच्या यादीत नावं होती बासष्ट. विमलाबाईंचं नाव सगळ्यात जुनं म्हणून सगळ्यात वर, आणि दर महिन्याला त्या मनातल्या मनात ते वजा करायच्या. संचिताला यातलं काय माहीत? तिने एकसष्ट ऐकलं आणि तिला माहेर आठवलं. लांज्याच्या घरी मोदक केले की तिची आई पहिला मोदक वाफवणारीच्या नावाने बाजूला काढायची, कारण चुलीपुढची बाई सगळ्यांना मोजते आणि स्वतःला मोजायला विसरते. सासूबाईंचं तर हे रोजचंच, पुऱ्या लाटतानासुद्धा स्वतःच्या धरत नाहीत. तेव्हा ही पोरगी सासूला न विचारता बासष्ट तुकडे कापून मोकळी झाली. केवढ्या विश्वासाने कापले म्हणून सांगू.

रविवारी उपासना नेहमीसारखी. पाळक कमलेश साळवे, वय पस्तीस, मंडळीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्यांनी तुकड्यांचं तबक उचललं, आशीर्वाद मागितला, माणसं रांगेने आली आणि गेली. विमलाबाई आतल्या खोलीत नळाशी. तबक परत आलं. त्यांनी सवयीने नजर टाकली. तबकात एक तुकडा होता.

एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत तो संपायला हवा होता. विमलाबाई तबक घेऊन तडक बाहेर आल्या आणि पाळकांच्या कानाशी कुजबुजल्या, "कोणीतरी राहिलंय." पाळकांनी मंडळीला विचारलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी घेतलं होतं, कीबोर्डवाल्यानेही घेतलं होतं. विमलाबाई तबक घेऊन रांगेरांगेतून फिरल्या. "तुम्ही घेतलंत? आणि तुम्ही?" एका हातात आपला एक कायदा आणि दुसऱ्या हातात दुसरा. भाकर उरू द्यायची नाही, आणि अपात्र माणसाने खायची नाही. या दोन कायद्यांच्या मध्ये बाई भर चर्चमध्ये उभी, आणि दोन्ही तिनेच केलेले.

तिसऱ्या रांगेतून संचिता उठली. "आई, तो तुमचा आहे. तुम्ही स्वतःला मोजलं नव्हतं, म्हणून मी एक जास्त केला."

सगळ्यांच्या माना वळल्या. कमलेश पाळकांनी विचारलं, "मावशी, तुम्ही आत घेत नाही?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण विमलाबाईंच्या तोंडून सरळ निघालं, "नाही."

"कधीपासून?"

"एकोणीस वर्षं." आणि मग बांध फुटला. अक्का, दार, डाव, सीताफळं, सगळं भडाभडा बाहेर आलं, बासष्ट माणसांच्या यादीतल्या एकसष्टांसमोर. "परवा तिच्या मुलीला विचारून आले. अक्काने मला माफ केलेलं नाही. शेवटपर्यंत नाही. मग मी कोणत्या तोंडाने खाऊ?"

पाळक तबकाजवळ आले. मग म्हणाले, "हौसाबाईंची माफी राहिली मावशी. ती आता मिळणार नाही, मी खोटी समजूत काढत नाही. पण हा मेज हौसाबाईंनी मांडलेला नाही."

"काहीतरी भरपाई नको का करायला?"

"केलीय प्रभूने. तुमची आणि माझीही. तुम्ही स्वतःच्या हाताने दर महिन्याला तेच तर वाटायला देता. पात्र माणसासाठी असता ना हा तुकडा, तर मघाशी मीच उचलला नसता."

विमलाबाईंनी तबकाकडे बघितलं. हे शब्द त्यांनी शंभरदा ऐकले होते, कृपा म्हणजे फुकट मिळालेलं, न कमावलेलं. बालवर्गातल्या पोरांना स्वतः शिकवलेही होते. पण ते सगळं दुसऱ्यांचं. आता एकदम लख्ख कळलं, की जन्मभर त्या नको त्या खुर्चीत बसल्या होत्या. तपासणारा दुसराच होता, आणि त्याने त्यांना पहिल्याच दिवशी आत घेऊन ठेवलं होतं. तेही सगळं स्वच्छ बघून, दार न उघडलेल्या बाईसकट. अक्काचा राग खरा होता, त्यांचा गुन्हाही खरा होता, आणि तरीही तुकडा त्यांच्या नावाचा होता.

त्यांनी तो उचलला. पाळकांनी रसाचा प्याला पुढे आणून धरला. त्यांनी खाल्ला. मीठ किंचित जास्त पडलं होतं, संचिताचा हातच तसा. आणि विमलाबाई हसायला लागल्या. रडता रडता हसू, ओढणीने की पदराने तोंड पुसू असं झालेलं, कारण शेजारणीने आपली ओढणी पुढे केली होती. "अगं, मला आत घेतलं," त्या तिला सांगत होत्या, जणू शेजारीण बाहेरगावाहून आली होती. "मला घेतलं गं." शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि पार बेसूर. कीबोर्डवाल्याने सूर त्यांच्यामागे न्यायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. त्या दिवशी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. निम्मी मंडळी रडत होती आणि उरलेली टाळ्या वाजवत होती.

घरी येताना रिक्षात त्या एक मिनिट गप्प बसल्या नाहीत. विनीतला दोनदा आणि रिक्षावाल्याला एकदा सगळी गोष्ट सांगून झाली. दुपारी जेवायला बसल्या तर तीन पोळ्या खाल्ल्या. संचिता बघतच राहिली.

सोमवारी सकाळी मात्र त्यांनी फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडून निशिगंधाचा कोरडा आवाज आला, "बोल मावशी."

"मी परत येऊ का तुझ्याकडे?"

"मावशी, मी शुक्रवारी सांगितलं ते खरं होतं. त्यात काही बदल झालेला नाही. तुला हवं ते मी म्हणू शकत नाही."

"म्हणू नकोस. मला काही नको आता," विमलाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी मागायला आले होते. अक्काच्या दुखण्याची साधी चौकशीसुद्धा केली नाही मी, स्वतःचंच घेऊन बसले. शेवटचे दिवस कसे गेले तिचे, तुला एकटीला किती पडलं, ते ऐकायचंय. तू रागावूनच सांग. मी उठून जाणार नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. विमलाबाई फोन कानाला धरून उभ्या राहिल्या.

"गुरुवारी मला सुट्टी असते," निशिगंधा म्हणाली. "सकाळीच ये. सांगायला वेळ लागेल."