सहा महिने लांबलेला वर्ग

दुसरबीडच्या थांब्यावर जालन्याची एस.टी. यायला उशीर होता, तरी बाने माझी पत्र्याची पेटी डोक्यावरून खाली ठेवलीच नाही. मी दोनदा म्हणालो, "ठेव ना बा खाली." तो म्हणायचा, "राहू दे. गाडी आली त धावपळ होईन." अर्धा तास तो तसाच उभा. पाठक साहेब सायकल हातात धरून बाजूला थांबले होते. गाडीचा धुरळा दिसला तेव्हा बा माझ्याशी बोलला, पण पाहत होता साहेबांकडे. "साहेबानं तुह्यासाठी शब्द टाकला. त्याईले खाली पाह्यची पाळी आणू नको."

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्या भागात बांधबंदिस्तीची कामं जोरात होती. मी सातवी करून शाळा सोडली होती. पाठक साहेब त्या कामावरचे ओव्हरसियर आणि मी त्यांचा खलाशी. म्हणजे ते दुर्बिणीतून पाहायचे आणि मी शिवारात आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहायचो. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला दुर्बिणीतून पाहायला शिकवलं. तिच्यात पट्टी उलटी दिसायची, तरी मी आकडा बरोबर सांगायचो. साहेबांना त्याचं फार कौतुक. पुण्याला एका तांत्रिक शाळेत कामावरच्या माणसांसाठी ओव्हरसियरचा वर्ग निघाला. अट मॅट्रिकची होती. साहेबांनी वर लिहून, स्वतः जाऊन, सातवीवाल्याला तिथं बसवलं.

हे उपकार मी आजही मानतो. पण खरं सांगतो, त्या वर्गात मी पहिल्या आठवड्यापासून कोंडल्यासारखा होतो. फळ्यावर साइन, कॉस, टॅन. बाकीचे उतरवून घ्यायचे, मी फक्त पाहायचो. ड्रॉइंगच्या कागदावर माझ्या घामाचे डाग पडायचे. खोलीवर आम्ही चौघं होतो. "मी येऊन राह्यलो" असं 'येतोय' या अर्थी एकदा म्हणालो, तर साताऱ्याच्या जगतापने माझं नावच 'राह्यलो' ठेवलं. "ए राह्यलो, जेवायला चल!" मेसवालासुद्धा तेच म्हणू लागला. माणूस वाईट नव्हता तो, मला त्रिकोणमिती त्यानेच शिकवली. पण मी बोलणं कमी केलं ते केलंच.

दिवाळीला घरी निघालो तेव्हा मनात पक्कं होतं, आता परत यायचं नाही. साहेबांचे पाय धरायचे आणि सांगायचं, माझी पट्टी मला परत द्या. घरी पोचलो तर ओट्यावर माझा चुलत भाऊ शेषराव बसलेला, अंगात खाकी सदरा.

"ओळखलं काय बे?" तो हसला. "तुई जागा आता आपल्याकडं. तू झाला साहेब, आमी झालो खलाशी."

शेषरावला तीन लेकरं, जमीन नाही. त्याच्या बायकोने माझ्यासाठी करंज्या धाडल्या होत्या. त्या खाता खाता मला कळलं की परत यायला आता जागाच उरलेली नाही. दुसऱ्या दिवशी पाठक साहेब भेटायला आले आणि चार माणसांत म्हणाले, "याच्यामुळे आपल्या आणखी खलाशांना पाठवता येईल." बा नुसता मान हलवत होता. भाऊबीज झाली आणि गाडीत बसलो.

लेखी पेपर जगतापच्या कृपेने निघाले. भीती नव्हती ती लेव्हलिंगच्या, म्हणजे जमिनीची उंची मोजण्याच्या प्रात्यक्षिकाची, आणि अडलो तिथंच. परीक्षा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी एका दगडी खुणेपासून उंची मोजत निम्म्या वाटेवरच्या खुंटीपर्यंत यायचं, दुसऱ्या दिवशी त्या खुंटीपासून पुढं जायचं. मधल्या रात्री पाऊस झाला. आमच्या काळ्या रानात पाऊस पडला की माती फुगते आणि खुंटी बोटभर वर उचलली जाते. म्हणून साहेबांची शिस्त अशी की पावसानंतर कालच्या खुंटीवर भरवसा ठेवायचा नाही, दगडापासून पुन्हा सुरू करायचं. मी तेच केलं. बाकीचे खुंटीपासून पुढं निघाले, मी उलटा मागं चाललो. जगताप ओरडला, "अरे, मुरूम आहे हा! मुरमातली खुंटी कुठं पळून जाते?" मला ते ऐकू आलं, पण पटलं नाही.

खुंटीपर्यंत परत आलो तेव्हा आकडा कालचाच निघाला. केसभराचाही फरक नाही. आणि वेळ संपलेली. परीक्षक म्हणाले, "काम चोख, पण अर्धं." का मागं गेलास, तेही त्यांनी विचारलं. काळ्या मातीचं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "मले भेव वाटलं." मागं कुणीतरी हसलं. मी दुर्बीण पेटीत भरली.

मी नापास झालो, पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. त्या संध्याकाळी घरी खोटं पत्र लिहिलं, 'वर्ग सहा महिने लांबला आहे. सर्वांसाठीच लांबला आहे.' साहेबांनाही तेच. ते सहा महिने मी पुण्यात एका ठेकेदाराकडे मजूर मोजण्याचं काम केलं. गावाकडचा कुणी दिसला तर रस्ता बदलायचो. मायचं दुखणं त्यातच झालं. पत्र आलं, 'जमलं त येऊन जा.' गेलो असतो तर तोंडावरून ओळखलं असतं त्यांनी. गेलो नाही. माय बरी झाली म्हणून, नाहीतर हे लिहायला मी धजलो नसतो.

दुसऱ्या खेपेला पास झालो. नेमणूक मिळाली थेट रत्नागिरीकडे, रस्त्याच्या कामावर. बदली मागितली नाही. दुसरबीडच्या थांब्यावर कुणी विचारलं असतं की वर्ग खरंच लांबला होता का, तर काय सांगणार? इकडेच लग्न झालं. माझी पोरं घरात कोकणी हेल काढतात आणि आजाचं बोलणं ऐकून हसतात.

परवाच्या उन्हाळ्यात रजेवर गेलो होतो. बा अंगणात अंबाडीचा दोर वळत होता. आता त्याचे हात थरथरतात. पाठक साहेब पेन्शनीत निघाल्याचं त्याच्याकडून कळलं, आणि कोण जाणे कसं, माझ्या तोंडून निघून गेलं, "बा, वर्ग लांबला नव्हता. मी नापास झालतो."

त्याचे हात थांबले नाहीत. "मंग घरी काऊन नाही आला बे?"

"साहेबाले खाली पाहावं लागलं असतं. तूच म्हणालता."

"म्हणलो असन," तो म्हणाला. "गाडीच्या टायमाले माणूस कायबी म्हणते. तुई माय काय परीक्षा पाहून भाकरी टाकते?" मग आत तोंड करून ओरडला, "आयकलं काय वं? हा सहा महिने भेवानं तिकडंच राह्यला!"

आतून माय म्हणाली, "मले माह्यत होतं. खुशालीत लिवलेल्या पत्रात याचं अक्षर इतकं वाकडं नसते."

गावच्या मंडळींनो, तुमच्यापैकी जे गावीच राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या सगळ्यांना मी हे लिहितोय. घर म्हणजे काय हे मला त्या दुपारी अंगणात कळलं, पण रजा संपायला तेव्हा दोनच दिवस उरले होते.