अर्ध्या मिलिमीटरचा शहाणपणा

शेजारच्या शेतात फवारणीचा पंप सुरू झाला, की जळक्या ऑइलचा वास थेट माझ्या ओसरीवर येतो आणि मला तरुणपणातली ती दुपार आठवते. देऊळघाटला आमचं गॅरेज होतं. दुसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावर दोन-दोन गाड्यांची शर्यत होती आणि यांची मोटरसायकल मी तयार करत होते.

पिस्टन वर पोचायच्या दोन मिलिमीटर आधी ठिणगी पडायला हवी. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांच्या फटीत विडीच्या बंडलाचा कागद धरायचा, चाक हळूहळू फिरवायचं, कागद जिथं सुटेल तिथं ठिणगी. पण मी स्क्रू आवळला की पॉइंटाची प्लेट सरके. सैल कर, फिरव, आवळ, पुन्हा सरकली. कागदाच्या चिंध्या झाल्या, नखं काळी झाली.

"राहू दे ना आता," हे म्हणाले.

"काऊन? हरायचं हाय का तुमाले?"

ठिणगी जितकी लवकर, तितकी गाडी पळणार, अशी तेव्हाच्या माझ्यातल्या त्या शहाणीची समजूत. तिनं यांना न सांगता अर्धा मिलिमीटर आणखी वाढवला.

शर्यतीत निम्म्या रस्त्यातच इंजिन खडखडून बंद पडलं. मी चारचौघांत पेट्रोलला शिव्या घातल्या.

"हाव, पेट्रोलच खराब होतं," हे शांतपणे म्हणाले.

दोन दिवसांनी हे बाहेर गेल्यावर मी चोरून इंजिनाचं हेड खोलायला बसले. पाना लावला, तर नट आधीच सैल. आत पिस्टनला भोक, ठिणगी फार लवकर पडली की पडतं तसं. म्हणजे यांनी माझ्याआधीच खोलून पाहिलं होतं, आणि तरी दोष पेट्रोलवरच राहू दिला होता. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही या माणसानं. अजून राग येतो.