कॅबिनेटला वारा घातला ती दुपार

भूतबित मानणाऱ्यांची मी आजवर भरपूर टर उडवली आहे. धंदाच तसा आहे – अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मशीन आपोआप बंद पडतं, मधेच किंचाळतं… गिऱ्हाईक हळूच म्हणतं, "काहीतरी बाहेरचं हाय भाऊ." मी झाकण उघडतो, आतून ओंजळभर धूळ निघते. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते धूळच असतं, असं माझं ठाम मत होतं.

माझी बायको वैशाली. तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं – स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर आवाज नाही. आमची अन्वी तेव्हा लहान होती, तिला मोर्शीला आजीकडे ठेवलं होतं. वैशाली म्हणाली, "पोरगी मोठी झाली की तिले माह्या आवाजात काही आयकू तर आलं पायजे ना. रेकॉर्ड करून ठेवा." फोनमध्ये तिचे जुने व्हॉइस मेसेज होते, नाही असं नाही… पण सगळे 'दूध आणा' नाहीतर 'किल्ली शेजारी ठेवली' असले.

तिचा आवाज तोवर इतका बसला होता की फोनवर नुसती खरखर यायची. म्हणून अमरावतीच्या मित्राकडून चांगला माइक आणला. तो ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळतो. माइक घरच्या कॉम्प्युटरला जोडला आणि इथे माझ्याच धंद्यानं मला गाठलं. मे महिना, अकोल्याची दुपार! कॅबिनेटचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातले, पंखे जोरात फिरले की त्या घरघरीत वैशाली बुडायची. सेटिंगमध्ये जाऊन पंखे मंद केले की प्रोसेसर तापायचा आणि मशीन बंद. थोडे वाढव, थोडे कमी कर… मधलं काही जमेना.

वैतागून मी तेच केलं, जे करू नका म्हणून गिऱ्हाइकांवर ओरडतो. कॅबिनेट उचलून सरळ कूलरसमोर नेऊन ठेवलं. आमच्याकडे पाहुणा असो की बाळंतीण, जे तापलं ते कूलरसमोर! ओल्या हवेनं आतला पत्रा दमट झाला, आणि कूलरची घरघर तर मशीनच्या वरताण. कूलर बंद केला, पत्रा पुसला आणि डोकं धरून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला निघायचं होतं.

शेजारच्या शाहीन भाभी वैशालीला भेटायला आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरचा हातपंखा काढला, लाइन गेली की वापरतो तो. म्हणाल्या, "भैया, तुम मशीन देखो. हवा मैं करती."

कॅबिनेटचं झाकण काढलं, आतले पंखे अगदी मंद ठेवले आणि भाभी जवळ बसून वारा घालू लागल्या. हसू नका… तापमान चढायचं थांबलं.

पहिला तुकडा रेकॉर्ड करून लगेच लावला. आम्ही तिघांनी ऐकला. वैशाली स्वच्छ ऐकू येत होती. "इतका फाटला काय वो माहा आवाज?" म्हणून ती हसलीसुद्धा. मग ती बराच वेळ बोलली, अन्वीसाठी. मी तापमानाच्या आकड्याला डोळे लावून होतो. स्क्रीनवर त्याच्या बाजूलाच तिच्या बोलण्याबरोबर आवाजाची रेघ वर-खाली होताना दिसत होती. भाभी एका हातानं वारा घालत होत्या, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होत्या.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर फाइल उघडली.

भाभींच्या बांगड्या आहेत. पंख्याची सळसळ आहे. बाहेरून गेलेल्या भंगारवाल्याची आरोळी आहे. माझं "हं, बोल" आहे. वैशाली नाही. पहिल्या तुकड्यातही नाही! कुठलाही फिल्टर लावलेला नव्हता, फाइल मूळचीच होती. माइक, ड्रायव्हर, हार्डडिस्क सगळं तपासलं. शेवटी अमरावतीला मित्राकडे गेलो. तो हेडफोन लावून किती तरी वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "गड्या, वयनी याच्यात बोललीच नाही." मी त्याच्यावर नको तेवढा ओरडलो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

भाभींना विचारलं, "आपने तो सुना था ना?"

"सुना ना भैया! रोई मैं."

"क्या बोली थी वो?"

त्यांनी सांगायला तोंड उघडलं. "रोई तो थी… पर क्या सुनके रोई, याद नहीं आ रहा."

मलाही आठवत नाही. अन्वीसाठी बोललेलं एक वाक्य नाही. तिचे ओठ हलताना दिसतात, बस. कुणी म्हणतं, ताणामुळे होतं असं. ताणानं माणूस विसरतो, मान्य. पण फाइल कशी विसरेल? मी मशीन सुटं करून पुन्हा जोडलं, पुन्हा सुटं केलं… आता हात लावावासा वाटत नाही. कारण सापडलं नाही, आणि सापडलं तरी त्यानं काय परत येणार आहे? खरं सांगतो, आतून पार खचलोय.

परवा अन्वी शाळेत गेल्यावर वैशालीनं फोनवर टाईप करून माझ्यासमोर धरलं – "मी खरंच बोलली होती ना?"

म्हटलं, "हो गं. पोटभर बोललीस."

तिनं फोन परत घेतला. टाईप केलं. मग पुन्हा धरला.

"मले बी आठवत नाही. काय बोलली होती थे सांगा ना."